अभ्र्यांची सुलट बाजू

माझी जीभ तिखट आहे, हे मला कोणी सांगायला नको. सुनेने कुशनचे अभ्रे रंगवायला घेतले, त्यातला पहिला बघून मी विचारलं होतं, "छान आहे. पण यातली सुलट बाजू कुठली?" निळे पट्टे, मधूनच एक काळा फराटा, कोपऱ्यात कुंकू सांडल्यासारखं काहीतरी. मुलगा खो खो हसला. ती हसली नाही, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

महिन्याभराने एका दुकानाच्या बाई तिचे अभ्रे बघायला चार वाजता घरी येणार होत्या. सकाळीच तिने सहा अभ्रे उशांना चढवून सोफ्यावर मांडले आणि जेवण उरकून बाईंना आणायला गेली. तेव्हा आमच्या कर्वेनगरात समोरची इमारत पाडत होते, घरात नुसता धुरळा. पोरीची एवढी मेहनत मळेल म्हणून मी सहाही अभ्रे काढले, उलटे केले आणि पुन्हा चढवले. साडेतीनला सुलटे करू म्हटलं आणि जरा आडवी झाले. त्या दोघी अडीचलाच आल्या.

बोलण्याच्या आवाजाने जाग आली. बाहेर येऊन बघते तर बाई सोफ्यावर, पाठीमागे शिवणी आणि लोंबणारे दोरे. सून उभीच होती. अगदी हळू म्हणाली, "आई, सुलट बाजू सापडली वाटतं तुम्हाला."

बाई दहा मिनिटांत निघून गेल्या. मी सांगायला गेले, तर तिने खोलीचं दार लावून घेतलं.

मग आठ दिवस घरात कामापुरतं बोलणं. मला रागही येत होता. एवढं जपलं आणि वर हे ऐकून घ्यायचं? शनिवारी मुलगा माझ्याकडे न बघताच म्हणाला, उद्या बिबवेवाडीला एक फ्लॅट बघायला जातोय, तिच्या शिलाई मशीनला तिथे वेगळी खोली मिळेल. राग कुठल्या कुठे गेला, उरली ती भीती.

रविवारी दोघं चपला घालत होती. मी सुनेला म्हटलं, अगं, दोन मिनिटं आत ये. कपाटातून माझ्या लग्नातली पैठणी काढली. मलमलीत गुंडाळलेली, घडी उलटी, जरीची बाजू आत.

"जपायचं ते आम्ही असं उलटं ठेवतो," मी म्हटलं. "तुझे अभ्रे मी याच हाताने उलटे केले. पण तुझा पहिला अभ्रा बघून जे बोलले, ते वाईट बोलले. चुकलं माझं."

तिने पैठणी हातात घेऊन घडी उलगडली. साडी घडीघडीवर चिरली होती. मुलाच्या बारशानंतर मी ती नेसलेच नव्हते. जपून जपून वाट लावली होती मी तिची. मला रडूच फुटलं.

सुनेने काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आई, हिचे अभ्रे शिवू?"

"शीव," मी म्हटलं, "पण जरीची बाजू बाहेर ठेव."

बाहेरून मुलाने हाक मारली, उशीर होतोय म्हणून. तिने कात्री कुठे आहे ते मला विचारलं, आणि त्याला सांगितलं की चपला काढ.