पाण्याच्या चार ओळी

राजेश्वरी मेटकरीला सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. मिळाली, तेव्हा आटपाडीकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या तिच्या वडिलांनी, गुंडा मेटकरींनी, एकच विचारलं, "आता कायमची नोकरी लागली न्हवं?"

"न्हाई आबा. आता दोन वर्सांची नेमणूक. पुढचं पुढं."

"म्हंजी इतकं शिकून बी रोजंदारीच की गं!"

ती हसली, पण ते तिला लागलं.

नेमणूक तासगावजवळच्या एका द्राक्ष संशोधन केंद्रात होती. तिच्यासारखाच दोन वर्षांसाठी आलेला दुसरा संशोधक म्हणजे कोरेगावचा विश्वजीत. घरचा ऊस, वडील फौजेतून निवृत्त, बोलायला गोड. दोघांची मुदत येत्या मार्चमध्ये संपणार होती आणि कायम जागा एकच निघणार होती. विभागप्रमुख संयोगिता मॅडमनी हे दोघांना समोरासमोर बसवून सांगितलं. त्या दिवसापासून दोघं एकत्र चहा पीत, पण एकमेकांच्या कामाविषयी अवाक्षर काढत नसत.

राजेश्वरीचं काम डावणीवर होतं. हा रोग धुक्यात द्राक्षाच्या पानामागं पांढरा उगवतो आणि बघता बघता बाग खातो. खतासाठी मेंढरं बसवलेल्या रानातल्या मातीतून तिनं एक जिवाणू वेगळा काढला होता. तो फवारला की डावणी अडते, हे तिला बागेत दाखवायचं होतं. जयराज नावाच्या बागायतदारानं आठ ओळी दिल्या. चारांवर जिवाणू फवारायचा, चारांवर नुसतं पाणी. रासायनिक औषध कुठल्याच ओळीवर मारायचं नाही, असं ठरलं.

नोव्हेंबरात धुकं पडलं. पाण्याच्या ओळी पिवळ्या पडल्या, जिवाणूच्या हिरव्यागार राहिल्या. तीन आठवडे राजेश्वरी आनंदात होती. चौथ्या आठवड्यात ती गेली, तर पाण्याच्या ओळींवरचे डाग सुकलेले आणि नवी पानं स्वच्छ. पाण्यानं डावणी बरी होत नाही.

"इथं कुणी आलं होतं का?" तिनं जयराजला विचारलं.

"तुमचं विश्वजीत सर आलं हुतं की रविवारी. पानं तोडून नेली. मला वाटलं, तुमीच पाठवलंय."

त्यानंतर तिला सगळंच दिसू लागलं. ती आत आली की विश्वजीत फोन उपडा ठेवतो. जिवाणू वाढवायच्या तिच्या काचेच्या बशा दर सोमवारी किंचित सरकलेल्या असतात. मॅडम त्याच्याशी बोलताना दार लोटून घेतात. तिनं कुणाला काही विचारलं नाही. पाण्याच्या ओळींची पानं तोडून सांगलीच्या एका खाजगी प्रयोगशाळेत औषधाचा अंश तपासायला दिली.

आठवड्यानं अहवाल घ्यायला गेली. पानांवर बुरशीनाशक सापडलं होतं.

खिडकीतला कारकून म्हणाला, "याच बागेचा आणखी एक नमुना आलाय तुमच्या केंद्रातून. तो अहवाल पण नेता का?"

पाकिटावर विश्वजीतचं नाव होतं. सांगली स्टँडवर, गाडीची वाट बघत, तिनं ते फोडलं. आत तिच्याच जिवाणूच्या ओळींचा अहवाल होता. रासायनिक अंश: नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. "माझ्या ओळी तू का तपासायला दिल्यास?"

"माझं पाकीट तू का फोडलंस?"

त्यानं अहवाल काढून वाचला. शेवटी तोच म्हणाला, "तुझ्या नोंदींतले आकडे फार चांगले होते, राजेश्वरी. मला वाटलं, तू चोरून औषध मारतेस."

"आणि मला वाटलं, माझा प्रयोग बुडावा म्हणून पाण्याच्या ओळींवर तू मारतोस."

त्याच दुपारी दोघं एका मोटारसायकलवर बागेत गेली. जयराज इस्लामपूरला गेला होता. त्याची आई बनुबाई सावलीत बसली होती. राजेश्वरीनं सरळ विचारलं. म्हातारीनं आढेवेढे घेतले नाहीत.

"व्हय, म्याच मारलं. पाठीवर पंप घिऊन. तान्ह्या लेकरावानी वाढवल्यात ह्या वेली. तुमी म्हणता, सडू द्या. माज्यानं बगवंना."

राजेश्वरीला रागावता आलं नाही. आजारी मेंढराला बघत नुसतं बसून राहायला तिच्या आबांनाही कुणी सांगू शकलं नसतं.

तुलनेला पाण्याच्या ओळीच उरल्या नाहीत, म्हणून प्रयोग बाद झाल्याचं तिनं लिहून दिलं. मॅडम म्हणाल्या, "कायम जागेच्या मुलाखतीनंतर दिलंस तरी चाललं असतं." तिनं आधीच दिलं. मार्चमध्ये जागा विश्वजीतला मिळाली. मात्र त्यानं आपला अहवालही निवड समितीपुढं ठेवला होता. राजेश्वरीच्या ओळी औषधाविना तगल्या होत्या, याचा तेवढाच पुरावा होता. त्यावर तिला आणखी एक वर्ष मिळालं.

एकदा चहा पिताना तिनं विचारलं, "तो अहवाल तू माझ्यासाठी दिलास, की मुलाखतीत प्रामाणिक दिसावं म्हणून?"

त्यानं कप खाली ठेवला. "खरं सांगू? माझं मलाच कळत न्हाई."

हे उत्तर तिला पटलं, कारण खोटं बोलणाऱ्यानं याहून बरं काही सांगितलं असतं.

पुढच्या हंगामात तिनं तीन गावांत ओळी मागितल्या. एकाच बागेवर आता तिचा भरवसा नव्हता, बागवाल्यांवर तर नव्हताच. दर आठवड्याला ती स्वतः पानं तपासायला द्यायची. तिन्हीकडं जिवाणूच्या ओळी तगल्या. शोधनिबंध छापून आला, आणि त्या जोरावर तिला स्वतःच्या नावाचा तीन वर्षांचा प्रकल्प मिळाला.