कुल्पाश आपाचं नाक

कुल्पाश आपाच्या अंगणात जुसानचे दोन वाफे होते. जुसान म्हणजे आपल्या दवण्याचा कडूजहर भाऊबंद. गावाबाहेर मैलोनमैल तोच माजलेला, आणि ही बाई विहिरीचं पाणी शेंदून तो घरी वाढवते! लोकांना भारी कुतूहल. विचारलं की म्हणायची, माळावरचा मेंढरांचा, माझा नमद्यांचा. कळी फुटायच्या आत कापून नमद्यांच्या, म्हणजे लोकरीच्या जाड बैठकींच्या, घड्यांत घातला की कसर फिरकत नसे. पोट बिघडलं तर त्याचाच काढा, उरल्या काटक्यांची केरसुणी. माळावरून वाऱ्याने आलेल्या बियांचं बेचव, बिनवासाचं रोप वाफ्यात घुसलं तर दिसायला अगदी तसंच. पण आपा पान चुरडून हुंगायची आणि उपटून फेकायची. चाळीस वर्षांत तिचं नाक चुकलं नव्हतं.

यंदा वसंतात ती तापाने आडवी झाली आणि उठली ती नाक गमावूनच. कुणाला सांगेल तर शपथ! उन्हाळ्यात नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर तिने जुड्या कापल्या. शेजारच्या ओरिनशाने लेकीच्या लग्नासाठी दोन वर्षं खपून रंगीत नमदा शिवला होता; त्याच्या पेटीतही आपानेच जुड्या घातल्या. आपाची जुडी हुंगून घ्यायची गावात रीत नव्हती.

महिन्याभराने बघते तर काय, तिची मेंढी उरलेल्या काटक्या मिटक्या मारत खात होती. थंडी पडायच्या आत कडू जुसानला मेंढी तोंड लावत नाही. म्हणजे जुड्यांत बेचव रोपच गेलं होतं. गप्प बसली असती तर सगळा दोष कसरीवर गेला असता. तासभर ती उंबऱ्यावर बसून राहिली. मग उठली आणि ओरिनशाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"पेटी उघड," ती म्हणाली. "माझं नाक गेलंय."

एक कोपरा कसरीने खाल्लाच होता. ओरिनशा काही बोलली नाही. तिची जीभ किती तिखट ते गावाला ठाऊक होतं, म्हणून आपाला ते जास्त लागलं. लेक ऐनामकोझ मात्र आपाचा हात धरून वाफ्यात आली आणि एकेक पान चुरडून हुंगू लागली. अर्धी रोपं उपटली गेली.

"खरा कुठला, ते तुला कसं गं कळतं?" आपाने जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

"तुमच्या अंगाला येतो ना, तोच वास, आपा. लहानपणी कुशीत घ्यायचात तेव्हाचा."

आपाने स्वतःची बाही नाकाशी नेली. काहीच आलं नाही. तरी पोरीच्या नव्या जुड्या बांधून होईपर्यंत ती तशीच हुंगत बसली.