भारद्वाज दिसला, आणि काकूंनी हात जोडले

मंडळी, सकाळपासून डोकं चालत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

लाडू आणि चिवडा हे माझे पाळीव उंदीर तुम्हाला माहीत आहेतच. आम्ही हेंद्रेपाड्यात तळमजल्यावर राहतो, मागे छोटीशी बाग आहे. रोज सकाळी दोघांना खांद्यावर घेऊन खिडकीत बसायचं आणि बागेत कोण कोण येतंय ते बघायचं, हा आमचा टाइमपास. खारी येतात, सातभाई येतात, आणि आमचा हिरो म्हणजे लाल डोळ्यांचा भारद्वाज.

त्याला बघायला वरच्या काकूही येतात. भारद्वाज दिसला की काम होतं म्हणे. आज मुलीचा इंटरव्ह्यू होता, म्हणून तिलाही घेऊन आल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "काल कुंड्यांमागे उंदरांचं विष टाकलं गं मी. तुझे काय, घरातच असतात."

मी काही बोलणार तेवढ्यात भारद्वाज उतरला. कुंडीमागून मेलेलं उंदराचं पिल्लू त्याने चोचीत उचललं. मी खिडकीची जाळी बडवली, "अरे सोड, सोड!" म्हणून ओरडले. तो पिल्लासकट कंपाउंडपलीकडे उडाला.

काकूंनी हात जोडले. "चोचीत घास घेऊन दिसला! आज काम होणारच."

जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "पक्षी घेऊन या." कुठून आणू?

संध्याकाळी काकू पेढे घेऊन आल्या. मुलीला नोकरी लागली.

पेढा तसाच ठेवलाय. उद्या सकाळी खिडकीत बसायची हिंमत कुठून आणू, सांगा.