मुठीतली जोडवी

पाय मुरगळला म्हणून मी एक्स-रेच्या खोलीत बाकावर बसलो होतो. शेजारच्या मावशींचं पाऊल टम्म सुजलं होतं. एक्स-रे काढणारी मुलगी त्यांना म्हणाली, "मावशी, जोडवी काढा. फोटोत त्यांच्याखालचं हाड झाकलं जातं."

"अगं, मालक वारले तेव्हा सगळी भावकी मागं लागली होती, तरी काढली नाहीत," मावशी म्हणाल्या. मग स्वतःच वाकल्या आणि साबण लावून त्यांनी एकेक जोडवं सोडवलं. "तेव्हा लोकांसाठी काढायची होती. आता माझ्या पायासाठी काढतेय."

बोटांवर जोडव्यांचे पांढरे वळ होते. फोटोत ते कुठेच नव्हते. दिसली ती हाडातली केसाएवढी चीर. यंत्राला तरी काय कळणार! मावशींचं भावकीपुढं रोवलेलं पाऊल आणि माझं ओल्या फरशीवरून घसरलेलं पाऊल, त्याला दोन्ही सारखीच. पाऊल कुणाचं आहे, हे कातडीच्या वरूनच बघावं लागतं.

फोटो बघून डॉक्टर म्हणाले, "प्लास्टर घालावं लागेल."

"घाला की," जोडव्यांची मूठ आवळत मावशी म्हणाल्या. "बोटं तेवढी उघडी ठेवा."