'आधी तुम्ही' म्हणणारा काटा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी एकदा सांगायला लागले की माझं डोकं फिरतं, आणि मग कुणी हसलेलं मला खपत नाही. चहा घ्या आणि ऐका.

मी इथे कोल्हापुरात इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि सोबत पीएचडी रखडवते. विषय मॉडेल चेकिंग. नाही हो, फॅशनच्या मॉडेलशी काही संबंध नाही! माझ्या नणंदेनं हळदीकुंकवात तसं सांगून ठेवलंय, तो राग वेगळा. सॉफ्टवेअर कुठल्या कुठल्या स्थितीत जाऊ शकतं ते संगणकाकडून आधीच एकूण एक तपासून घ्यायचं आणि अमुक वाईट गोष्ट घडणारच नाही हे सिद्ध करायचं, असा आमचा धंदा. बाकीचे लोक चार वेळा बटण दाबतात आणि "चालतंय की!" म्हणतात. मला त्याची चीड आहे.

तर माझे गाईड म्हणाले, "मॅडम, कागद पुष्कळ झाले. एकदा खऱ्या जागी चालवून दाखवा, त्यांचं पत्र आणा, मगच प्रबंध पुढं पाठवतो." झालं! सहा वर्षांचं माझं घोडं एका पत्रापाशी अडलं.

ओळखीनं एक साखर कारखाना तयार झाला. तिथे वजनकाटा एक आणि त्यावर यायला रस्ते दोन. एकीकडून उसाचे ट्रॅक्टर, दुसरीकडून बैलगाड्या. दोन्हीकडे आडवा दांडा. दोन्ही दांडे एकदम उचलले तर ट्रॅक्टर थेट बैलांच्या अंगावर! म्हणून दांडे उचलायचा प्रोग्रॅम मी लिहिला. आधी कुणी जायचं? नियम मी अगदी संस्कारी घातला: समोरच्या दांड्यापाशी कुणी थांबलं असेल, तर आधी त्याला जाऊ द्यायचं. आमच्या घरी पाहुण्याच्या आधी कुणी घास उचलत नाही हो!

मग तपासलं. दोन्ही दांडे एका वेळी उघडतील का? कधीच नाही! स्क्रीनवर हिरवी खूण. मी पेढे वाटले.

चाचणीला सकाळी दहाला पोचले. ऐन हंगाम, दोन्हीकडे पहाटेपासून रांगा. मी यंत्रणा चालू केली आणि हाताची घडी घालून उभी राहिले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. पहिल्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर ओरडला, "ओ मॅडम, दांडा उचलंना की ह्यो!"

"थांबा जरा. यंत्रणा विचार करतेय."

"आवो, ऊस वाळाय लागला हितं! इचार कसला करतंय?"

मी लॅपटॉप उघडला, पुन्हा सगळं तपासलं आणि स्क्रीन त्याच्या नाकासमोर धरली. "हे बघा, हिरवी खूण! काहीही चुकलेलं नाही!"

"हिरवं हाय व्हय? पर दांडा आडवाच हाय की!"

आता सांगा, या माणसाशी काय बोलायचं? मी सेन्सरला शिव्या घातल्या, वायरमनला घातल्या. शेवटी ड्रायव्हरवरच घसरले. "तुम्हीच गाडी फार पुढं घेतलीय. मागं घ्या!"

"दोन ट्रॉल्या लावून रिवस? तुमच्या लॅपटापला जमतंय का बगा!"

पलीकडून गाडीवान ओरडायला लागले, बैल हंबरायला लागले. तासभर हा तमाशा! तेवढ्यात काट्यावरचे जुने रखवालदार आनंदामामा तंबाखू मळत आले.

"मॅडम, त्येला सांगून काय ठेवलायसा?"

मी तोऱ्यात नियम ऐकवला. मामांची तंबाखू हातातच राहिली.

"म्हंजी ह्यो म्हणतोय आदी तुमी, आन त्यो बी म्हणतोय आदी तुमी? आवो, दोनी बाजूला पावणंच बसवलायसा की! जेवणार कोण? कुणीतरी लाज सोडून ताटावर बसाय लागतंय."

माझे कान तापले. वाईट काही घडणार नाही एवढंच मी सिद्ध केलं होतं. चांगलं काही घडेल का, हे तपासायलाच विसरले! आणि याच चुकीसाठी मी दरवर्षी पोरांचे मार्क कापते, तेही तावातावानं.

मामांनी माझी वायर उपटली, हातानं दांडा उचलला आणि ट्रॅक्टर काट्यावर चढला. ड्रायव्हरनं जाताना मला नमस्कार केला. तो नमस्कार मला अजून झोंबतोय.

वाटलं, पत्र कसलं येतंय? तर आठवड्यात आलं! 'तज्ज्ञ प्राध्यापिका यांच्या यंत्रणेची चाचणी घेण्यात आली. यंत्रणा चालू असताना काट्यावर दोन गाड्या एकाच वेळी आल्या नाहीत. एकही आली नाही. सबब अपघात झाला नाही.'

असा संताप आला म्हणता! म्हटलं, यातली चूक काढून यांच्या तोंडावर फेकते. दोन दिवस ते पत्र शब्दन् शब्द तपासत बसले. काट्याबद्दलचं प्रत्येक वाक्य खरं! अख्ख्या पत्रात खोटा असा एकच शब्द सापडला.

तज्ज्ञ.