सुगंधावहिनींच्या पुस्तकातली माझी चार पानं

सुगंधावहिनी शृंगाराचा प्रसंग वाचून दाखवायच्या तो ब्लाउजला हुक लावता लावता, वांग्याचा भाव सांगावा तशा आवाजात. मान वर करायच्या नाहीत. कान तापायचे ते माझे.

धसईत त्या शिवणकाम करायच्या. पुरुषाच्या टोपणनावाने प्रणयाच्या कादंबऱ्या त्याच लिहितात, हे एकट्या मला ठाऊक होतं. नव्वदच्या दशकात मी शहापूरच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो आणि बाजाराच्या दिवशी एसटीने जाऊन त्यांच्या वह्या आणायचो. मालकाला वाटायचं, लेखक म्हणजे कोणी निवृत्त मास्तर असणार.

मालकाचा एक नियम होता. सोळा पानांचा फॉर्मा, आणि प्रत्येक फॉर्म्यात एक गरम प्रसंग. मी तो निरोप दिला की वहिनी दाताने दोरा तोडायच्या. "शेटला सांग, राब भाजल्याबिगर भात पेरत नाय. आधी पाला-फांद्या रचायच्या, जाळायच्या, जमीन तापवायची. मंग मूठभर बी पुरतं." त्यांचे नायक-नायिका साठ साठ पानं भांडत, एकमेकांना फसवत. मग नुसतं बोटाला बोट लागलं तरी वाचणाऱ्याचा श्वास अडकायचा. मी घाई केली तर म्हणायच्या, "दोघांत काय अडलेलं नसंल तर निजवू नको. नुसती अंगं ती. कसायाकडं पन टांगलेली असतात."

नवरा मारायचा. एकदा सुजलेल्या गालाने काजं करत होत्या. आपणहून म्हणाल्या, "त्याला गोष्ट सुचत नाय रे वसंता, म्हनून हात चालतो."

एका पुस्तकाचा शेवटचा फॉर्मा चार पानं कमी भरला. वहिनी वैशाखरे गावी माहेरी गेल्या होत्या. मालक म्हणाला, तूच भर काहीतरी. मी भरलं. मागचा-पुढचा धागा न बघता दोघांना सरळ खोलीत नेलं. नायिकेच्या खांद्यामागे भाजल्याचा डाग दिला, पिंपळपानासारखा. लहानपणी राब भाजताना वहिनींना तो पडला होता. मशीनवर वाकल्या असताना मी एकदा पाहिला होता. आज पहिल्यांदा लिहितो आहे: ती चार पानं मी वहिनींनाच मनात धरून लिहिली.

ते पुस्तक त्यांच्या दिराने मुरबाडहून भाड्याने आणलं आणि डागाचं पान भावाला वाचून दाखवलं. पुढच्या बाजाराला मी धसईत पोचलो तेव्हा त्यांच्या दारात गर्दी होती. आत नवरा मुसळ घेऊन एकच विचारत होता, हा डाग बघणारा कोण? प्रत्येक घावाला वहिनी तेच सांगत होत्या, "मीच लिवलंय. सगळं माझंच हाय." पुरावा म्हणून त्यांनी वह्या पुढे टाकल्या. नवऱ्याने त्या उलटसुलट केल्या. मग दिराने त्यांचा उजवा हात शिवणयंत्राच्या फळीवर दाबून धरला, आणि नवऱ्याने लिहिणाऱ्या बोटांवर मुसळ घातलं. तीनदा. तो आवाज ओल्या काटक्या मोडल्यासारखा होता. मी दारापासून चार हातांवर उभा होतो, पिशवीत पुढच्या पुस्तकाची प्रुफं. वहिनींनी मला पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली.

पुढे त्या वैशाखऱ्याला भावाकडे राहिल्या आणि काही वर्षांनी तिथेच वारल्या. मी गेलो नाही. पण त्याआधी, बोटं मोडली तेव्हा, मुरबाडच्या दवाखान्यात गेलो होतो, ते सांगायचं राहिलं आहे.

हात प्लास्टरमध्ये होता. ती पानं माझी, असं मी कसंबसं म्हणालो. "ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "माझी बाई अशी लाजली नसती." मग म्हणाल्या, "बरं लिवलंस. पन तो गडी निघून गेल्यावर तिचं काय झालं, ते नाय लिवलंस."

तेवढ्यात हवालदार जबाब घ्यायला आला. वहिनींनी पुन्हा तेच सांगितलं. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही कोण यांचे?

मी म्हणालो, "गिऱ्हाईक."