दाणाभर उजेड

खर्डीच्या पुढे डांबरी रस्ता संपतो, तिथून वीस मिनिटं पायवाटेने चाललं की हौसाची वाडी लागते. अठ्ठावीस घरं, वाटेत ओहोळ, आणि ओहोळाच्या उतारावर विजेचा एक खांब. त्या खांबावरचा दिवा हौसाने आणलाय. पाटीवर सरपंचाचं नाव आहे, पण पाटीवर काय, काहीही लिहिता येतं.

तिचा नवरा बारकू त्याच उतारावर साप चावून गेला. अंधारात पाय पडला, एवढंच झालं. त्यानंतर सात वर्षं हौसा ग्रामपंचायतीचे उंबरे झिजवत राहिली. कधी ग्रामसेवक नसायचा, कधी असायचा पण अर्ज सापडायचा नाही. लावणीचे दिवस बुडवून, दुसऱ्याकडून लिहून घेऊन, अंगठा उठवून तिने तेरा अर्ज दिले. शेवटी निवडणूक आली म्हणून दिवा लागला. पहिल्या संध्याकाळी ती खांबाखाली नुसती बसून राहिली. रडली नाही. रडायचं ते तिने केव्हाच उरकलं होतं.

पुढे दोन वर्षांनी वरच्या माळावर दीपेश आला. शहरातला माणूस, बोलायला गोड. माळ विकत घेऊन त्याने आकाशदर्शनाची शिबिरं सुरू केली. अवसेच्या आसपासच्या शनिवारी गाड्या भरभरून माणसं यायची, दुर्बिणी लावायची, हौसाच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या खाऊन वाहवा करायची. स्वयंपाकाचं ते काम तिला आवडायचं, खोटं कशाला बोला.

मग दीपेशच्या डोळ्यात तो दिवा खुपायला लागला. उजेड वर येतो, तारे फिके दिसतात, म्हणे. त्याचा अर्ज आठवड्यात मंजूर झाला. त्याचा मात्र बरोबर सापडला. शिबिराच्या दिवशी दिवा बंद ठेवायचा असं ठरलं, आणि दर वेळी वायरमन कुठून आणणार म्हणून दिव्याचं बटणच माळावर नेलं. ते बसवलं शिबिराच्या स्वयंपाकघरात, मिठाच्या डब्याशेजारी. हौसाला सांगून ठेवलं, बटणाला हात लावायचा नाही. रविवारी मंडळी गेली की दीपेश दाराला कुलूप घालून निघायचा, आणि दिवा लावायचा राहूनच जायचा. मग तो परत यायला कधी बुधवार उजाडायचा, कधी गुरुवार.

"साहेब, माझी पोर वाशिंदच्या कंपनीत जाते," हौसाने एकदा सांगून पाहिलं. "आठच्या सुमाराला त्या वाटंनं येते. तिचा बा तिथंच गेलाय."

"मावशी, बॅटरी देतो ना मी," दीपेश म्हणाला. दिलीही. अठ्ठावीस घरांत एक.

मार्गशीर्षातल्या शिबिराला मनस्वी आली होती. ताऱ्यांचं शिकलेली, पाहुण्यांना माहिती सांगणारी मुलगी, स्वभावाने भली. दुपारी हौसा सुपात तांदूळ निवडत होती, तिथे येऊन बसली.

"मावशी, आज मी एक गंमत सांगणार आहे. खूप खूप लांब एक तारा आहे. त्याच्याभोवती आपल्या पृथ्वीएवढीच एक पृथ्वी फिरते. सगळी दगडांची."

"दगड हितं का कमी हायेत?" हौसा म्हणाली. "तू बघलीस का गो बाय ती?"

"कोणीच नाही पाहिली. दिसतच नाही ती."

"मंग हाय कशावरून?"

मनस्वीने सुपातला एक दाणा उचलला. "ती ताऱ्यासमोरून गेली की त्याचा उजेड किंचित कमी होतो. दहा हजार दाण्यांतला हा एक दाणा काढला, तर जेवढा फरक पडेल तेवढा. माणसं यंत्रं लावून त्या ताऱ्याकडे वर्षानुवर्षं टक लावून बसली होती, म्हणून कळलं."

हौसाचा हात थांबला. तिला राग आला, पण त्या पोरीचा नाही. "आमचा उजेड तं आख्खा जातो," ती म्हणाली.

"काय, मावशी?"

"काय नाय. तांदूल भिजवायचेत."

संध्याकाळी पावणेआठला माळावरचे सगळे दिवे मालवले. चाळीस माणसं चटयांवर आडवी झाली आणि मनस्वी बोलायला लागली. आत चुलीपाशी हौसाचा फोन वाजला. दर्शना होती, तिची मुलगी.

"आये, उतारापाशी आले. बॅटरीचे सेल गेलेत, नि मोबाइलपन बंद पडंल आता. येते तशीच."

फोन तुटला. हौसाने पदराला हात पुसले आणि बटण दाबलं.

खाली ओहोळावर दिवा लागला, आणि माळावर एकच गलका झाला. कोणी लावला, बंद करा, अंधाराला सरावलेले डोळे बिघडले, काय चाललंय काय. चाळीसच्या चाळीस माणसं उठून उभी राहिली आणि वाडीकडे बघू लागली. तोवर खाली कोण राहतं हे त्यांतल्या एकानेही विचारलं नव्हतं.

हौसा दारात उभी होती. उतारावरून दर्शना येताना दिसली. खांबासमोर आली तसा उजेडाचा एक तुकडा तिच्याआड झाला, परत मोकळा झाला, आणि ती ओहोळ ओलांडून घरांकडे गेली. एवढी माणसं टक लावून बघत होती, पण पोर सुखरूप गेली हे एकट्या हौसाने पाहिलं.

मग दीपेशने आत येऊन दिवा बंद केला. आवाज न चढवता म्हणाला, "मावशी, उद्यापासून येऊ नका."

आता त्या बटणावर लोखंडी पेटी आहे, पेटीला कुलूप आहे, आणि बुधवार-गुरुवारचाही भरवसा उरलेला नाही. सोमवारी हौसाने चौदावा अर्ज दिला. ग्रामसेवक नव्हता. दर्शना रोज आठला त्याच उतारावरून येते, आणि हौसा काठी आपटत तिला आणायला ओहोळापर्यंत जाते.

माळावरून तारे हल्ली फार छान दिसतात म्हणे.